दहा ओळींचा प्रोग्रॅम, साठ वर्षांची कथा

एक खेळ तुम्ही लहानपणी नक्की खेळला असाल. मित्राने १ ते १००० यांपैकी एक संख्या मनात धरायची आणि तुम्ही ती ओळखायची. तुम्ही एखादी संख्या सांगितली की त्याने फक्त 'मोठी', 'लहान' किंवा 'बरोबर' एवढेच म्हणायचे. ज्याला युक्ती ठाऊक नसते तो १७, ४३५, ८१२ असे अंदाज मारीत बसतो. ज्याला ठाऊक असते तो पहिल्यांदा ५०० म्हणतो. 'मोठी' असे उत्तर आले की पहिल्या पाचशे संख्या एका झटक्यात बाद! मग ७५०, मग उरलेल्यांच्या मधली, असे करीत जास्तीत जास्त दहा प्रश्नांत संख्या हाती येते. कारण सोपे आहे. दर प्रश्नाला उरलेल्या संख्या निम्म्या होतात, आणि २ चा दहावा घात १०२४ आहे, म्हणजे हजाराहून थोडा जास्तच.

शब्दकोशात शब्द शोधताना आपण नकळत हेच करतो. 'पतंग' पाहिजे असेल तर कोणी 'अ' पासून पाने उलटीत नाही. पुस्तक साधारण मध्यावर उघडतो, 'द' लागला तर पुढे जातो, 'भ' लागला तर मागे येतो. संगणकालाही ही रीत शिकवता येते. तिला आपण द्विभाजन शोध म्हणू. महाराष्ट्रात दहावीच्या परीक्षेला दरवर्षी साधारण पंधरा लाख विद्यार्थी बसतात. त्यांची यादी बैठक क्रमांकाच्या चढत्या क्रमाने लावलेली असेल, तर त्यातला कोणताही एक क्रमांक शोधायला संगणकाला २१ पेक्षा जास्त नोंदी पाहाव्या लागत नाहीत. एकेक नोंद तपासत गेले तर पंधरा लाख, आणि मध्यावर उघडत गेले तर एकवीस!

तुमच्यापैकी अनेकांनी शाळेच्या संगणक कक्षात पायथॉन किंवा तत्सम एखादी भाषा थोडीफार शिकली असेल. 'जर-तर' कसे लिहायचे, एकच काम पुन्हापुन्हा कसे करून घ्यायचे, यादी कशी ठेवायची, एवढे येत असेल तर द्विभाजन शोधाचा प्रोग्रॅम लिहायला लागणारे सगळे सामान तुमच्याजवळ आहे. तो जेमतेम दहा ओळींचा होतो. आणि तरीही, भाषा येणाऱ्याला प्रोग्रॅमर होण्यासाठी काय शिकावे लागते हे दाखवायला ह्या दहा ओळींइतके चांगले उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

आधी कृती पाहू. समजा यादी अशी आहे : १२, १९, २३, ३१, ४०, ४७, ५८. सात नोंदी, त्यांच्या जागा १ ते ७. शोधाच्या टप्प्यात यादीचा जेवढा भाग उरला असेल त्याच्या दोन टोकांच्या जागांना 'डावी' आणि 'उजवी' म्हणू, व मधल्या जागेला 'मधली'.

(१) डावी = १, उजवी = एकूण नोंदी.
(२) डावी ही उजवीपेक्षा मोठी झाली असेल तर 'यादीत नाही' असे सांगून थांबा.
(३) मधली = (डावी + उजवी) ÷ २. अर्धा उरल्यास तो सोडून द्या.
(४) मधल्या जागेवर हवा तो क्रमांक असेल तर 'सापडला' असे सांगून थांबा.
(५) तेथला क्रमांक हव्या क्रमांकाहून लहान असेल तर डावी = मधली + १. मोठा असेल तर उजवी = मधली − १.
(६) पुन्हा (२) कडे जा.

येथे '=' ही खूण बीजगणितातल्यासारखी वाचू नका. 'डावी = मधली + १' याचा अर्थ, डावीसमोर आधी लिहिलेला आकडा पुसून तेथे नवा लिहा, एवढाच. ४७ शोधून पाहा. डावी १, उजवी ७, म्हणून मधली ४. तेथे ३१ आहे, तो लहान, म्हणून डावी ५ झाली. आता मधली ६. तेथे ४७. सापडला! दोनच फेऱ्या.

इतके सोपे असताना यात चुकायला जागा कोठे आहे, असे तुम्ही म्हणाल. इतिहास काय सांगतो ते ऐका.

ही कल्पना जॉन मॉक्ली यांनी १९४६ साली मांडली. एनिअॅक हा सुप्रसिद्ध इलेक्ट्रॉनिक संगणक उभारणाऱ्यांपैकी ते एक. पण सर्व लांबींच्या याद्यांसाठी बिनचूक चालणारी कृती छापून यायला १९६२ साल उजाडले, असे जॉन बेंटली यांनी डोनाल्ड क्नुथ यांच्या ग्रंथाचा हवाला देऊन लिहिले आहे. सोळा वर्षे! बेंटली हे स्वतः संगणकशास्त्राचे नाणावलेले शिक्षक. त्यांनी १९८० च्या सुमारास एक प्रयोग केला. नोकरीत असलेल्या, रोज हेच काम करणाऱ्या प्रोग्रॅमर मंडळींच्या वर्गात त्यांनी द्विभाजन शोधाचे वर्णन दिले आणि सांगितले, आता ह्याचा प्रोग्रॅम लिहा. दोन-एक तास घ्या. वेळ संपल्यावर बहुतेक सगळ्यांना आपला प्रोग्रॅम बरोबर असल्याची खात्री होती. मग त्यांना तो तपासायला लावले. शंभराहून अधिक माणसांवर हा प्रयोग झाला, आणि सुमारे ९० टक्के लोकांना स्वतःच्याच प्रोग्रॅममध्ये चुका सापडल्या. उरलेल्या दहा टक्क्यांच्या प्रोग्रॅमबद्दलही बेंटलींना पुरती खात्री वाटत नव्हती!

मी स्वतः हा प्रोग्रॅम पहिल्यांदा लिहिला तेव्हा माझ्या यादीतला शेवटचा क्रमांक सापडत नसे. दोन क्रमांक शोधून पाहिले, दोन्ही सापडले, आणि मी समाधानाने संगणक बंद केला. चूक दुसऱ्याने दाखवली.

ती चूक कशी होते ते पाहण्यासारखे आहे. पायरी (२) मध्ये 'डावी उजवीपेक्षा मोठी झाली तर थांबा' असे आहे. घाईत कोणी 'डावी उजवीइतकी झाली की थांबा' असे लिहिले, तर? कानाला दोन्ही सारखेच वाटते. दोन टोके एकमेकांना भेटली, आता शोधायला काय उरले? पण टोके भेटली म्हणजे एक नोंद अजून उरलेली असते, आणि तीच न पाहता आपण परत फिरतो. वरच्या यादीत ह्या चुकीच्या कृतीने ३१, १९ आणि ४७ व्यवस्थित सापडतात. १२, २३, ४० आणि ५८ हे मात्र 'यादीत नाहीत' असे उत्तर येते. कागदावर करून पाहा. आता समजा निकालाचा दिवस आहे, आणि एक मुलगी आपला क्रमांक टाकते. परीक्षा तिने दिली आहे, गुण यादीत आहेत, आणि पडद्यावर अक्षरे उमटतात, 'असा क्रमांक नाही'. तिच्या शेजारच्या मैत्रिणीचा निकाल मात्र दिसतो. तेव्हा घरातले कोणी संगणकाला दोष देत नाही. तिलाच विचारतात, 'तू क्रमांक नीट टाकलास का?'

दुसरी चूक पायरी (५) मधली. 'मधली + १' मधला '+ १' विसरला, आणि नुसते डावी = मधली असे लिहिले. आता ५८ शोधा. डावी १, मग ४, मग ५, मग ६. डावी ६ आणि उजवी ७ असताना मधली येते साडेसहा, म्हणजे अर्धा सोडून ६. तेथे ४७ आहे, तो लहान, म्हणून डावी = ६. पण डावी तर आधीच ६ होती! पुढच्या फेरीतही तेच, त्याच्या पुढच्या फेरीतही तेच. संगणक कंटाळत नाही. वीज असेपर्यंत तो घाण्याच्या बैलासारखा तेथेच फिरत राहील.

तिसरी चूक याहून लबाड आहे. डावीकडे '+ १' बरोबर घातला, पण उजवीकडे 'मधली − १' ऐवजी 'मधली' लिहिले. आता यादीतले सातही क्रमांक सापडतात! तपासणाऱ्याने सातच्या सात क्रमांक टाकून पाहिले तरी त्याला चूक दिसणार नाही. यादीत नसलेला क्रमांक, म्हणजे ५ किंवा २५, विचारला की मात्र प्रोग्रॅम पुन्हा घाण्याला जुंपला जातो.

तेव्हा नवशिक्या काय करतो? तो '+ १' घालून पाहतो, काढून पाहतो, '−१' करून पाहतो, आणि जेव्हा उत्तर बरोबर येते तेव्हा थांबतो. ही रीत आपण सगळ्यांनी कधी ना कधी वापरलेली आहे, तेव्हा कोणी लाजू नये. पण आताच पाहिले की उत्तर बरोबर येणे आणि प्रोग्रॅम बरोबर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. येथून पुढची पायरी चढायची असेल तर प्रश्नच बदलावा लागतो. 'हे चालते का?' असे न विचारता 'हे का चालते?' असे विचारावे लागते.

त्याचे एक साधन १९६७ साली रॉबर्ट फ्लॉइड यांनी आणि १९६९ साली टोनी होअर यांनी दिले. कल्पना अशी की फिरत्या कृतीत सारे काही बदलत असले तरी एक विधान असे शोधून काढायचे, की जे दर फेरीच्या सुरुवातीला खरेच असते. त्याला आपण अढळ विधान म्हणू. आपल्या कृतीचे अढळ विधान हे : 'हवा तो क्रमांक यादीत असेलच, तर तो डावी ते उजवी ह्या जागांमध्येच आहे, टोके धरून.'

आता ते तपासू. सुरुवातीला डावी १ आणि उजवी शेवटची, म्हणजे सगळी यादीच आत आली, विधान खरे. एका फेरीत काय होते? मधला क्रमांक लहान निघाला, तर यादी चढत्या क्रमाची असल्यामुळे त्याच्या डावीकडचे सगळे आणखी लहान. ते सगळे, आणि मधलाही, बाद केला तरी हवा तो क्रमांक हातचा जात नाही. विधान खरेच राहिले. उजव्या बाजूचेही तसेच. आणि शेवटी डावी उजवीपेक्षा मोठी झाली म्हणजे दोहोंमध्ये एकही जागा उरली नाही. विधान म्हणते, असेल तर येथेच असेल; आणि येथे तर काहीच नाही. म्हणून 'यादीत नाही' हे उत्तर आता आपण छातीठोकपणे देऊ शकतो. पुढे गणितात तुम्ही गणिती विगमन शिकाल, तेव्हा हा युक्तिवाद ओळखीचा वाटेल. पहिले डोमिनो पडते, प्रत्येक डोमिनो पुढच्याला पाडतो, एवढे दाखवले की झाले.

एवढ्याने भागते का? नाही. 'डावी = मधली' ही चुकीची ओळ घ्या. तिनेही विधान खोटे होत नाही! क्रमांक हातचा जात नाही हे खरे, पण आपण पुढेही सरकत नाही. म्हणून दुसरी गोष्टही दाखवावी लागते : दर फेरीला उरलेला भाग निदान एका जागेने तरी लहान झालाच पाहिजे. 'मधली + १' आणि 'मधली − १' यांतला एक हा त्यासाठी आहे. आता तो घालून-काढून पाहण्याची गरज उरली नाही, कारण तो कशासाठी आहे हे आपल्याला ठाऊक झाले.

हे कळले तरी तपासणी सुटत नाही, कारण कागदावरचा युक्तिवाद बरोबर असला तरी टंकताना बोट चुकते. पण तपासणीलाही शिस्त आहे. मनाला येतील ते चार क्रमांक टाकून पाहणे म्हणजे तपासणी नव्हे. चुका कडेला राहतात : रिकामी यादी, एकाच नोंदीची यादी, पहिली नोंद, शेवटची नोंद, सगळ्यांहून लहान, सगळ्यांहून मोठा, दोहोंच्या मधला. मग सरळ असे करावे. शून्य नोंदींची, एक नोंदीची, दोन नोंदींची, अशी दहा नोंदींपर्यंत प्रत्येक यादी घ्यावी. प्रत्येक यादीतली प्रत्येक नोंद शोधावी, आणि प्रत्येक फटीत बसणारा, यादीत नसलेला क्रमांकही शोधावा. चार नोंदींच्या यादीत फटी पाच (दोन टोकांच्या धरून), म्हणून शोध नऊ. पाच नोंदींच्या यादीत अकरा. रिकाम्या यादीत फक्त एक. म्हणजे एकूण शोध १ + ३ + ५ + ... + २१. विषम संख्यांची ही बेरीज कशी झटकन करायची ते तुम्हाला ठाऊक आहे : ११ चा वर्ग, १२१. हे १२१ शोध हाताने करायचे नाहीत. ते करून उत्तर ताडून पाहणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहायचा आणि मूळ प्रोग्रॅममध्ये काहीही बदल केला की तो पुन्हा चालवायचा. वर सांगितलेल्या तिन्ही चुका ह्या १२१ शोधांत हटकून पकडल्या जातात. व्यवसायात काम करणारे प्रोग्रॅमर मूळ प्रोग्रॅमबरोबर असा तपासनीस प्रोग्रॅमही लिहितात, आणि कधीकधी तोच मूळ प्रोग्रॅमहून लांब होतो.

मॉरिस विल्क्स यांची आठवण येथे सांगितली पाहिजे. १९४९ साली केंब्रिजमध्ये त्यांचा एडसॅक हा संगणक नुकताच सुरू झाला होता. प्रोग्रॅम कागदी फितीवर छिद्रे पाडून द्यावा लागे, आणि संगणकाची खोली व छिद्रे पाडण्याचे यंत्र यांच्यामध्ये जिना होता. त्या जिन्यावरून जाता-येता एकदा त्यांच्या मनात लख्ख उजाडले, की आपल्या उरलेल्या आयुष्याचा मोठा हिस्सा आपल्याच प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्यात जाणार आहे! संगणकयुगाच्या सुरुवातीच्या वर्षांतली ही गोष्ट आहे.

आता कथेचा उत्तरार्ध. बेंटलींनी आपल्या लेखांत द्विभाजन शोधाची कृती दिली, अढळ विधान मांडून ती बरोबर असल्याचे सिद्ध केले, तपासणीही केली. १९८६ साली हे लेख पुस्तकरूपाने आले आणि जगभरच्या प्रोग्रॅमर मंडळींनी ते वाचले. पुढे जावा ह्या संगणकभाषेबरोबर मिळणाऱ्या तयार प्रोग्रॅमांच्या संचात जोशुआ ब्लॉक यांनी द्विभाजन शोध लिहिला. हे ब्लॉक विद्यार्थी असताना बेंटलींच्या व्याख्यानाला बसलेले! आणि २००६ च्या जूनमध्ये ब्लॉक यांनीच जाहीर केले की त्या प्रोग्रॅममध्ये चूक आहे, ती तेथे सुमारे नऊ वर्षे दडून बसली होती, आणि बेंटलींच्या पुस्तकातल्या, सिद्ध केलेल्या कृतीतही तीच चूक आहे.

कोठे होती ती? वर दिलेल्या आपल्या कृतीतही ती आहे. पुढे वाचण्याआधी एकदा शोधून पाहा.

चूक पायरी (३) मध्ये आहे. मधली = (डावी + उजवी) ÷ २. गणिताच्या दृष्टीने त्यात काहीही वावगे नाही. पण संगणकातली संख्या ही गणितातली संख्या नव्हे. स्कूटरच्या किलोमीटर दाखवणाऱ्या आकड्यांची पाचच चाके असतील, तर ९९९९९ नंतर १००००० येत नाही, ००००० येते. जावा, सी यांसारख्या भाषांत नेहमीच्या पूर्णांकासाठी सामान्यतः ३२ बिट, म्हणजे शून्य-एकाची ३२ घरे असतात, आणि त्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या २,१४,७४,८३,६४७ आहे. तिच्यात एक मिळवला की चाक फिरते आणि जावात −२,१४,७४,८३,६४८ ही संख्या दिसते. ऋण!

आपण हेच छोट्या प्रमाणावर पाहू. समजा एका संगणकात पूर्णांकाला आठच घरे आहेत. त्यात −१२८ ते १२७ एवढ्याच संख्या मावतात. बेरीज १२७ च्या वर गेली की तिच्यातून २५६ वजा होतात. ह्या संगणकावर १०० नोंदींची यादी आहे. जागांचे क्रमांक १ ते १००, म्हणजे सगळे मजेत मावतात. पहिल्या फेरीत १ + १०० = १०१, मधली ५०. हवा तो क्रमांक पुढच्या अर्ध्यात आहे, म्हणून डावी ५१ झाली. आता ५१ + १०० = १५१. पण १५१ मावत नाही! संगणक १५१ − २५६ = −१०५ धरतो, त्याचे निम्मे करतो, अर्धा सोडतो, आणि यादीतली 'उणे बावन्नावी' नोंद पाहायला निघतो. अशी नोंद कोठून असणार? जावात अशा वेळी प्रोग्रॅम तक्रार करून बंद पडतो. सी मध्ये काय होईल याचा भरवसा नाही.

गंमत पाहा. डावी मावते, उजवी मावते, मधलीही मावते. मावत नाही ती फक्त वाटेतली बेरीज, जिची आपल्याला खरे तर गरजही नाही. उपाय एका ओळीचा आहे :

मधली = डावी + (उजवी − डावी) ÷ २

५१ + (१०० − ५१) ÷ २ म्हणजे ५१ + २४ = ७५. उत्तर तेच, पण वाटेत कोठेही मर्यादा ओलांडली गेली नाही.

मग इतकी वर्षे ही चूक कोणाला दिसली कशी नाही? ३२ घरांच्या पूर्णांकात बेरीज ओसंडायला यादी सुमारे १०७ कोटी नोंदींची लागते. १९८६ साली एवढी यादी कोणत्याही संगणकाच्या स्मृतीत मावलीच नसती. आपले १२१ शोध तर दहा नोंदींपर्यंतच होते! सिद्धताही खोटी नव्हती. ती गणितातल्या पूर्णांकांबद्दल होती, आणि प्रोग्रॅम यंत्रातल्या पूर्णांकांवर चालत होता. याद्या कोटींच्या झाल्या तेव्हा तो फरक उघड झाला. पायथॉनमध्ये पूर्णांकाला लागतील तेवढी घरे मिळतात, म्हणून तेथे ही विशिष्ट चूक होत नाही. पण म्हणून पायथॉनवाल्यांनी फार खूश होऊ नये; तिन्ही आधीच्या चुका तेथेही तशाच होतात.

असा फरक दर वेळी स्वस्तात सुटत नाही. ४ जून १९९६ रोजी दक्षिण अमेरिकेतील कुरू येथून युरोपच्या एरियान-५ ह्या नव्या अग्निबाणाने पहिले उड्डाण केले, आणि सुमारे ४० सेकंदांत तो हवेतच फुटला. आधीच्या एरियान-४ वर उत्तम चाललेला एक प्रोग्रॅम त्यात तसाच घेतला होता. त्यात एक मोठी संख्या १६ घरांच्या पूर्णांकात बसवली जाई. म्हणजे ३२,७६७ पर्यंत. एरियान-४ च्या मार्गावर ती संख्या कधी तेवढी वाढत नसे. एरियान-५ ची गती वेगळी होती, ती संख्या वाढली, मावली नाही, आणि दिशा सांभाळणारी यंत्रणाच बंद पडली. जुना प्रोग्रॅम नव्या जागी नेताना 'हा कोणत्या गृहीतांवर चालतो?' हे कोठे तरी लिहून ठेवलेले असावे लागते, आणि नेणाऱ्याने ते वाचावे लागते.

लिहिण्या-वाचण्याचा विषय निघालाच आहे म्हणून एक छोटी गोष्ट. वरच्या कृतीत मी 'डावी', 'उजवी', 'मधली' अशी नावे घेतली. ड, उ, म अशी अक्षरे घेतली असती तरी संगणकाला फरक पडला नसता. पण तुम्हाला पडला असता, आणि सहा महिन्यांनी मलाही पडला असता. शाळेतला प्रोग्रॅम गुण मिळाले की संपतो. व्यवसायातला प्रोग्रॅम वर्षानुवर्षे चालतो आणि तो लिहिणारा निघून गेल्यावर भलतीच माणसे त्यात बदल करतात. आता तर मागितला की प्रोग्रॅम लिहून देणारी साधनेही आली आहेत. द्विभाजन शोध ती क्षणात लिहून देतील. तो पायरी (३) मध्ये कसा लिहिला आहे, हे पाहायचे काम तुमचेच राहते.

आणि जाता जाता ह्या रीतीचा एक उपयोग, जो मला सर्वांत आवडतो. मोठ्या प्रोग्रॅममध्ये रोज अनेक माणसे लहानमोठे बदल करीत असतात. त्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारे गिट नावाचे साधन २००५ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सच्या कामासाठी तयार केले. समजा गेल्या महिन्यात प्रोग्रॅम नीट चालत होता, आज बिघडला आहे, आणि मध्ये एक हजार बदल झाले आहेत. बिघाड नेमका कोणत्या बदलाने झाला? तुम्ही ओळखले असेल. मधला, पाचशेवा बदल झाला तेव्हाची आवृत्ती काढायची आणि चालवून पाहायची. बिघडलेली असेल तर चूक त्याआधी किंवा त्याच बदलात, नीट असेल तर नंतर. दहा वेळा तपासले की गुन्हेगार बदल हाती येतो. गिटमध्ये यासाठी 'बायसेक्ट' नावाची आज्ञाच आहे. लेखाच्या सुरुवातीचा खेळ तो हाच. मात्र यादी चढत्या क्रमाची असावी ही अट येथेही वेगळ्या रूपात लागते : एकदा बिघडलेले पुढे बिघडलेलेच राहिले पाहिजे. अधूनमधून आपोआप बरी होणारी चूक असेल, तर ही रीत चकते.

आता एक काम तुमच्यासाठी. तो आठ घरांचा, १२७ पर्यंतच मोजणारा संगणक पुन्हा घ्या, आणि पायरी (३) जुन्या पद्धतीचीच ठेवा. यादी ६३ नोंदींची असेल तर प्रोग्रॅम कधीही चुकणार नाही. का ते सांगा. यादीत फक्त एक नोंद वाढवून ती ६४ केली, तर यादीतल्या नोंदींपैकी नेमकी एकच शोधताना घोटाळा होतो. ती कोणती, आणि कितव्या फेरीत? संगणक लागणार नाही. कागदावर डावी, मधली, उजवी असे तीन रकाने आखा आणि एकेक फेरी लिहीत जा.